चौथं खोपटं

१

आश्लेषाच्या डाव्या कानाने संप पुकारला, तेव्हा तिने सगळ्यात आधी दोष दिला तो हेडफोनला.

तिचं फार चुकलं असंही नाही. मिशिगनमधल्या नोव्हायला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तिची नोकरीच मुळी ऐकण्याची होती. नवी गाडी बाजारात येण्याआधी ती कुठे कुरकुरते, कुठे घरघरते, ब्रेक दाबल्यावर कुठून चिरकते हे शोधायचं आणि त्या आवाजाचा बंदोबस्त करायचा. मोजायला यंत्रं होती, पण यंत्रांनी हात टेकले की मंडळी आश्लेषाला शोधत यायची. अकरा वर्षं हे दोन कान तिला पोसत होते. त्यांच्यावर संशय घ्यायचा विचारसुद्धा तिला शिवला नाही.

जर्मनीची आठवड्याची फेरी उरकून ती आदल्या दिवशीच परतली होती. गुरुवारी घरूनच काम होतं. नवरा अवधूत ऑफिसला, चौदा वर्षांची स्वानंदी शाळेत, बाहेर गुडघाभर बर्फ. ती बेसमेंटमधल्या आपल्या टेबलाशी बसली, हेडफोन चढवला, तर डावी बाजू बंद. तिने वायर बदलली. मग हेडफोन उलटा घातला, तरी डावीच बाजू बंद. खरं तर एवढ्यावर कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडला असता. पण इंजिनिअर माणसाला हातातलं यंत्र बिघडलेलं चालतं, स्वतःचं बिघडलेलं चालत नाही. तिने लगोलग नवा हेडफोन मागवला.

आणि तेवढ्यात त्याच बंद कानात शिट्टी वाजली. तीन छोट्या शिट्ट्या, एकापाठोपाठ एक.

वर कुकर झाला असं वाटून ती जिना चढून गेली. अर्ध्या जिन्यात तिच्या लक्षात आलं की घरात आपल्याशिवाय कुणीच नाही. तरी ती स्वयंपाकघरापर्यंत गेली. कुकर रॅकवर पालथा होता, कोरडा ठणठणीत.

२

ते घर त्यांनी सप्टेंबरात घेतलं होतं, मिसेस ड्रेगर नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंकडून. नवरा, वॉल्टर, गेल्यावर त्या ओहायोला मुलीकडे निघाल्या होत्या. जाताना सगळं सामान नेलं, पण बेसमेंटमधलं वॉल्टरचं टेबल काही त्यांना नेता येईना. ते त्याने तिथेच, त्या चार भिंतींत बांधलं होतं. जिन्यातून ते वर जाणं शक्यच नव्हतं.

त्या टेबलावर वॉल्टरची मालगाडी होती. पुढे हातभर लांबीचं वाफेचं इंजिन, पितळेचं, काळ्या-हिरव्या रंगाचं, तीन आसांवर लाल चाकं आणि वर उंच सरळ धुराडं. टेबलाच्या कडेला पाटी ठोकली होती: प्रशियन जी-३, १८७७. दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीत असली इंजिनं शेकड्यांनी बांधली गेली आणि त्यांनी कोळसा आणि बीट ओढत आयुष्य काढलं. मागे अकरा डबे. त्यांतल्या चार डब्यांच्या टोकाला एकेक लाकडी खोपटं, माणूस जेमतेम मावेल एवढं, त्याला काच आणि आत एक बारीकसं फिरवायचं हँडल. पहिल्या तीन खोपट्यांत हँडल धरून बसलेली लाकडी माणसं होती. शेवटच्या डब्यावरचं चौथं खोपटं रिकामं होतं.

ना वीज, ना वाफ. गाडी नुसती उभी. रूळ टेबलाला वळसा घालून पुढे गेले होते आणि खिडकीच्या बाजूला एकदम संपले होते. तिथे वॉल्टरला पूल करायचा होता, तो राहून गेला. रुळांची टोकं टेबलाच्या कडेशी हवेत उघडी होती.

दुपारी शिट्टी पुन्हा वाजली. या वेळी ती टेबलाच्या दिशेने आली, याबद्दल आश्लेषाला शंका नव्हती. आवाज कुठून आला हे सांगायला दोन कान लागतात, हे ती नव्या मुलांना दर वर्षी शिकवायची. तिचा तर एकच चालू होता.

तिने भिंग घेऊन इंजिन तपासलं. त्यावरची शिट्टी म्हणजे पितळेचा भरीव खिळा होता. त्याला भोकच नव्हतं.

३

कानाला दडा बसलाय, विमानाने बसतो, असं तिने संध्याकाळी अवधूतला सांगितलं. नागपूरहून आईने फोनवर लसणीचं कोमट तेल घालायला सांगितलं, तेही तिने घातलं. आत शिट्टी वाजते, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

मनातल्या मनात तिने त्याला शास्त्रीय नाव देऊन टाकलं. कान बधिर झाला की मेंदू रिकाम्या जागी आपलाच आवाज भरतो, वाचलं होतं तिने. चांगलंच पटलंही. फक्त रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे आणायला ती खाली गेली, तर इंजिन तिला जरा पुढे आल्यासारखं वाटलं.

वाटण्यावर तिचा विश्वास नव्हता. तिने पुढच्या चाकाशी, रुळाच्या बाजूला, निळ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि त्यावर तारीख लिहिली. सोमवारी सकाळी सातला चाक टेपच्या पुढे होतं. पट्टी लावली तर अकरा सेंटिमीटर भरलं. तिने नवी टेप लावली. चाकापासून रूळ संपत होते तिथपर्यंतचं अंतरही मोजलं. अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर.

अवधूत चहाचा कप घेऊन खाली आला आणि टेबलावर वाकलेल्या बायकोकडे बघून हसला. म्हणाला, आता ऑफिसच्या गाड्या संपल्या वाटतं. भिंतीवर वॉल्टरने टाचलेलं एक पिवळं पडलेलं कार्ड होतं, जर्मन भाषेतलं. तिने त्याला ते फोनवर भाषांतर करून वाचायला सांगितलं.

त्याने कॅमेरा धरला आणि मोठ्याने वाचलं. "एक छोटी शिट्टी, ब्रेक हलके आवळा. तीन छोट्या, ब्रेक जोरात आवळा. दोन लांब, ब्रेक सोडा." मग तो म्हणाला, "का गं? गाडी चालवतेस की काय?"

आश्लेषाने टेपची गुंडाळी ड्रॉवरमध्ये टाकली आणि काही नाही म्हणाली.

४

पुढचे दिवस तिने जे केलं ते तिच्या धंद्यातल्या कुणीही केलं असतं. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची मोटर थरथरते, ती थरथर जमिनीतून टेबलाला पोचते, टेबल किंचित उतरतं असणार, म्हणून गाडी घरंगळते. तिने पाणसळ लावून पाहिली. टेबल अगदी सपाट होतं. तरी तिने ऑफिसातून जाड रबराचे ठोकळे आणले आणि टेबलाच्या आठही पायांखाली सारले. इंजिनाभोवती फोमची भिंत उभी केली. आवाज असला की तो बंद करायचा, अकरा वर्षांत तिने दुसरं काही केलंच नव्हतं.

बुधवारी सकाळी गाडी अकरा सेंटिमीटर पुढे होती. फोम बाजूला सारलेला नव्हता, इंजिन फक्त त्याच्या बाहेर आलं होतं.

तिने चाकापुढे स्वानंदीचं खोडरबर ठेवलं. दुसऱ्या दिवशी खोडरबरही अकरा सेंटिमीटर पुढे गेलं होतं, चाकाला टेकलेलं. तिने माइक लावला आणि दिवसभर रेकॉर्ड केलं. पडद्यावर फर्नेसची घरघर आली, वरच्या मजल्यावर स्वानंदीच्या पावलांचे ठिपके आले. जिथे तिला शिट्टी ऐकू आली होती तिथे रेघ सपाट होती. यंत्र बरोबर असेल तर डोकं बिघडलंय, आणि डोकं बरोबर असेल तर काय बिघडलंय ते तिला बोलायचंही नव्हतं.

कान तर तसाच ठार. डॉक्टरकडे जायला हवं हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण पुढच्या बुधवारी नव्या गाडीच्या ब्रेकचा आवाज पास करायची बैठक होती. काचेच्या खोलीत आठ जण बसणार, ऐकणार आणि शेवटची सही आश्लेषाची. कानाचं बाहेर कळलं की तिला तिथून उठवणार. ग्रीन कार्ड अजून रांगेत. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी बघायची नाहीतर सामान बांधायचं, आणि एका कानाने बहिऱ्या झालेल्या आवाजाच्या इंजिनिअरला कोण घेणार होतं? तिने ठरवून टाकलं. बुधवारी बैठक, गुरुवारी डॉक्टर. तोवर ती ऑफिसात सगळ्यांना आपल्या उजव्या हाताला बसवत राहिली.

जेवताना स्वानंदी डाव्या बाजूला बसायची. एकदा ती काहीतरी सांगत होती आणि आश्लेषा वाटी पुढे सरकवत राहिली. पोरगी म्हणाली, "आई, you're not even listening," आणि उठून गेली. ते मात्र फार लागलं तिला.

५

रविवारी तिने भिंग आणि टॉर्च घेऊन अख्खी गाडी डबा डबा करून पाहिली. कडेपासूनचं अंतर आता बावीस सेंटिमीटर उरलं होतं.

आठ डब्यांची चाकं बोटाने ढकलली की फिरत होती. खोपटी असलेल्या चारपैकी तीन डब्यांची फिरत नव्हती. त्या तिन्ही खोपट्यांतली हँडलं शेवटापर्यंत आवळलेली होती आणि ब्रेकचे इवलेसे ठोकळे चाकांना घट्ट चिकटले होते. त्या चाकांखालचे रूळ खरवडले होते, त्यावर ताजी चकचकीत रेघ होती. म्हणजे गाडी घरंगळत नव्हती. चाकं गच्च धरलेली असताना ती फरफटत पुढे जात होती.

चौथ्या खोपट्यातलं हँडल सैल होतं.

तिने मिसेस ड्रेगरना फोन लावला. फोमच्या भिंतीबिंतीबद्दल बोलली नाही, नुसतं टेबल कसं सांभाळायचं ते विचारलं. बाईंना फार आनंद झाला. त्यांनी हौसेने सांगितलं की त्या काळी मालगाडी थांबवणं इंजिनाच्या हातात नसायचं. ड्रायव्हर फक्त शिट्टी द्यायचा. मागे खोपट्यांत, थंडीवाऱ्यात बसलेली माणसं ती ऐकून हँडल फिरवायची, आणि ती माणसं ऐकतील तरच गाडी थांबायची. वॉल्टरचे आजोबा त्यांतलेच एक.

चौथं खोपटं रिकामं का, असं आश्लेषाने विचारलं.

"शेवटच्या डब्यापर्यंत शिट्टी सगळ्यात कमी पोचते," बाई म्हणाल्या. "वॉल्टर म्हणायचा, तिथे सर्वांत चांगला कान असलेलं माणूस लागतं. त्याला तसं कुणी सापडलं नाही."

६

सोमवारी अकरा सेंटिमीटर उरले.

तिने घरूनच काम घेतलं होतं. दुपारचं ऊन बर्फावरून उलटून बेसमेंटच्या खिडकीतून आत येत होतं, टेबल लख्ख उजळलं होतं. घाबरावं असं तिथे काहीही नव्हतं आणि तरी आश्लेषा जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली होती. शिट्टी आता दिवसातून दोनदा वाजत नव्हती. ती सकाळपासून थांबतच नव्हती. तीन छोट्या, जरा थांबून तीन छोट्या. उजव्या कानात घरातली शांतता आणि डाव्यात हा आक्रोश.

उद्या सकाळी ते इंजिन खाली पडणार. पडलं तर पडू दे, पितळेचं खेळणं आहे, असं ती स्वतःला बजावत राहिली. पण जे पडणार होतं ते खेळणं नाही हे तिला आतून कळून चुकलं होतं.

मग तिने तो विचार केला जो बारा दिवस केला नव्हता. मला कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि मी त्याचं तोंड बंद करायच्या मागे आहे. टेबलाला रबर लावलं, कानात तेल ओतलं, अवधूतला दडा सांगितला. ती शिट्टी म्हणजे बिघाड नव्हता. काम करणाऱ्या माणसाला दिलेला हुकूम होता तो, आणि ज्याने तो पाळायचा त्या जागेवर कुणी नव्हतं.

तिने ड्रॉवरमधून बारीक चिमटा काढला, गुडघ्यावर बसली आणि शेवटच्या डब्याच्या खोपट्याचं दार नखाने उघडलं. चिमट्यात हँडल धरून फिरवलं. एक फेरा सहज गेला. दुसरा जड. तिसऱ्याला ते अडलं. तिने जोर केला, चिमटा वाकायला लागला, हँडल हलेना. शिट्टी कानात घुसत होती. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. ती मोठ्याने म्हणाली, "आवळतेय ना, आवळतेय."

तेव्हा आतून दुसरा जोर लागला. तिच्या हाताला तो स्पष्ट कळला. समोरून कुणीतरी त्याच हँडलला हात घालून, तिच्याच दिशेने, तिच्याबरोबर ओढत होतं. ऊन खोपट्याच्या काचेवर होतं, आतलं नीट दिसत नव्हतं. क्षणभर तिला कोपरापर्यंत दुमडलेली एक बाही दिसली, आणि काजळीने काळी पडलेली, हँडलवर घट्ट बसलेली चार बोटं. हँडल कट्कन शेवटाला जाऊन बसलं.

शिट्टी थांबली.

आश्लेषा फरशीवर तशीच बसून राहिली. खोपटं रिकामं होतं. आणि शिट्टी गेल्यावर डाव्या बाजूला काय उरलं ते तिला पहिल्यांदाच कळलं. काहीच उरलं नव्हतं. त्या बाजूला खोलीच नव्हती, घर नव्हतं, काही नव्हतं. इतके दिवस त्या शिट्टीनेच तिला ते कळू दिलं नव्हतं, किंवा तेच कळवायला ती वाजत होती. तिने फोन उचलला.

"अवधूत, मला डाव्या कानाने ऐकू येत नाहीये. अजिबात. बारा दिवस झाले."

"दडा नाहीये तो?"

"नाही. मी खोटं बोलले."

"मी निघालोय," तो म्हणाला. "कोट घालून बस. यार आश्लेषा, आधी सांगायचं ना."

७

डॉक्टरबाईंनी तिला बंद खोलीत बसवून कान तपासला आणि डाव्या बाजूचा आलेख तिच्यासमोर ठेवला. असले आलेख वाचण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं, समजावून सांगायची गरज पडली नाही. कान असा एकाएकी जातो, कारण पुष्कळदा सापडत नाही, आणि औषधाचा उपयोग होतो तो पहिल्या दोन आठवड्यांतच, असं बाई म्हणाल्या. त्यानंतर फारसं काही हाती राहत नाही. "तुम्ही उशीर केलात, पण वेळ गेलेली नाही. काहींचं परत येतं, काहींचं थोडं येतं, काहींचं येत नाही. आजपासून सुरू करू."

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली. अवधूत प्रत्येक वेळी बाहेर बसून राहायचा आणि तिच्यापेक्षा जास्त पांढरा पडायचा. बॉसला तिने त्याच संध्याकाळी खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, गाडी पुढच्या महिन्यातही आवाज करणारच आहे, तू कान बरा कर. ज्या गोष्टीला ती बारा दिवस घाबरून होती ती एवढ्यावर मिटली. स्वानंदी काही न बोलता जेवताना उजव्या बाजूला बसायला लागली.

गाडी जागची हलली नाही. रोज सकाळी सातला आश्लेषा पट्टी लावायची आणि कडेपर्यंत रोज तेच अकरा सेंटिमीटर भरायचे. पायांखालचं रबर तिने काढून टाकलं, फोमही. खोपट्यात डोकावण्याचं धाडस मात्र तिला झालं नाही. जाताना ती त्याला नुसती मान डोलवायची, शेजाऱ्याला डोलवावी तशी.

कान मात्र गप्पच होता. फेब्रुवारीअखेरीच्या तपासणीत आलेख जरासा वर सरकला होता, पण कानाला त्याचा पत्ता नव्हता. बाई म्हणाल्या, अजून वाट बघू. रात्री ती उजव्या कानात बोट घालून पडायची आणि घराने काहीतरी बोलावं म्हणून देवाची विनवणी करायची.

८

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी बर्फ वितळायला लागलं होतं. ती बेसमेंटमध्ये ड्रायरमधले गरम कपडे घड्या करत उभी होती. आईचा फोन आला. दोन्ही हात चादरीत गुंतलेले, म्हणून तिने फोन मानेत दाबून धरला आणि घड्या चालूच ठेवल्या.

आई नागपूरच्या उन्हाचं सांगत होती, शेजारच्या लग्नाचं सांगत होती. आश्लेषा चादरीचे कोपरे जुळवत हं-हं करत होती.

"अगं, कुकर लावलायस का?" आई मधेच म्हणाली.

"नाही, का गं?"

"शिट्ट्या झाल्या ना आत्ता तुझ्याकडे. दोन. चांगल्या लांब."

आश्लेषाचे हात थांबले. तिने काहीच ऐकलं नव्हतं. वरती अवधूत आणि स्वानंदी अजून झोपलेले होते. ती चादर तशीच छातीशी धरून टेबलापाशी गेली. इंजिन निळ्या टेपच्या मागे उभं होतं, कडेपासून हातभर लांब. पुढची तिन्ही खोपटी तिने पाहिली. हँडलं सैल होती. मग खाली वाकून तिने चौथ्यात पाहिलं. तेही सैल होतं, आणि त्याच्या मुठीला काजळीचा ताजा डाग होता.

तिला रडू आलं, पण भीतीचं नव्हतं ते. फोन निसटू नये म्हणून तिने खांदा आणखी वर केला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो डावा खांदा आहे.

"आश्लेषा?" आईचा आवाज बारीक येत होता, चरचरत येत होता, पण येत होता. "ऐकतेयस ना गं?"

"ऐकतेय, आई," ती म्हणाली. "बोल तू."